कोकणच्या पावसात टिकेल असा रेनकोट

मृगाच्या सरी कोसळू लागल्या की तोंडवली-तळाशीलच्या बाजूला संध्याकाळपासूनच बॅटऱ्या चार्जिंगला लागतात. रात्री व्हाळाच्या कडेने, मळ्यांच्या बांधांवरून कुर्ल्या आणि चढणीचे मासे शोधत हिंडायचे हे दिवस. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला गड नदीचे कालावल खाडीत पसरलेले पाणी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. इथला पाऊस वरून पडतो असे म्हणणे अर्धेच खरे आहे. नैऋत्येचा वारा समुद्रावरून थेट येतो आणि पाऊस आडवा मारतो. अशा वेळी छत्री उलटी होते, घडीचा पातळ रेनकोट काट्याकुट्यात फाटतो आणि विंडचीटर घालून निघालेला पाहुणा पंधरा मिनिटांत चिंब होतो.

शिकार म्हटले की आपल्याकडे अजूनही काहींच्या डोळ्यांपुढे रानडुक्कर आणि ठासणीची बंदूक येते. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यापासून परवानगीशिवाय रानातल्या जनावरावर बंदूक उचलणे हा सरळ गुन्हा आहे. तेव्हा पावसात बाहेर पडणारे आता दुसरेच लोक आहेत: गरी टाकणारे, शेंडीपाग फेकणारे, खाडीत मुळे काढणाऱ्या बायका, लावणीला वाकलेली माणसे, आणि हल्ली नवरंग किंवा तिबोटी खंड्याचा फोटो मिळावा म्हणून मुंबई-पुण्याहून येऊन रानात तासन्‌तास बसणारे. (चढणीचे मासे अंडी घालायला वर चढत असतात. गाबोळीने भरलेली मासळी सोडून द्यावी, हे जाता जाता सांगून ठेवतो.) या सगळ्यांना लागणारा रेनकोट शाळकरी मुलाच्या रेनकोटापेक्षा वेगळा असतो, आणि हिमालयात ट्रेकला जाणाऱ्याच्या जॅकेटपेक्षाही. दुकानदार मात्र बहुधा या दोनच गोष्टी दाखवतो.

आधी लेबल वाचू. ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिले असेल तर कपडा परत हँगरला लावा. भुरभुरीला तो ठीक, आपल्या जुलैला नाही. ‘वॉटरप्रूफ’ लिहिले असेल तर पुढे आकडा शोधा: ३०००, ५०००, १०००० किंवा २०००० मिलिमीटर. हा पावसाचा आकडा नव्हे. सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो म्हणून तीन हजारवाला रेनकोट पुरेल, असा हिशेब करणारे गिऱ्हाईक मी पाहिले आहे. या आकड्याचा संबंध पाण्याच्या दाबाशी आहे. कापडावर नळी उभी धरून तिच्यात पाणी चढवत नेले, तर किती उंचीचा स्तंभ होईपर्यंत ते कापडातून पाझरले नाही, तेवढे मिलिमीटर. नुसत्या पडणाऱ्या थेंबाचा दाब फार नसतो. दाब वाढतो तो तुम्ही ओल्या फळीवर बसता, गुडघा टेकता, पाठीवरच्या सॅकचे पट्टे खांद्यात रुततात किंवा मोटारसायकलच्या सीटवर साचलेल्या पाण्यात तासभर बसून जाता तेव्हा. म्हणून जॅकेटला दहा हजार भरपूर झाले. त्यापुढचे पैसे बुडाला आणि गुडघ्याला, म्हणजे पँटीवर घाला. आपल्याकडे नेमके उलटे होते: वर भारी जॅकेट आणि खाली सेटमध्ये फुकट आलेली पँट.

लेबलावरचा दुसरा आकडा ‘ब्रीदेबिलिटी’चा, म्हणजे कापडातून घामाची वाफ किती बाहेर जाते याचा. चौरस मीटरमागे चोवीस तासांत इतके ग्रॅम, असा तो लिहिलेला असतो. किंमत वाढते ती मुख्यतः याच्यामुळे. अमेरिकेत बॉब गोर यांनी १९६९मध्ये एका प्लास्टिकला झटका देऊन ताणले आणि त्यातून अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा तयार झाला. छिद्रे पाण्याच्या थेंबापेक्षा हजारो पटींनी लहान, पण वाफेच्या कणापेक्षा कितीतरी मोठी. थेंब अडतो, वाफ निसटते. शोध अस्सल आहे, त्यात वाद नाही. वाद आहे तो हा पडदा कोकणात किती चालतो याचा.

वाफ आपण होऊन बाहेर जात नाही. आत वाफेचा दाब जास्त आणि बाहेर कमी असला तरच ती सरकते. अंगाजवळची हवा ३४ अंशांवर, घामाने पूर्ण ओली धरली तर तिच्या वाफेचा दाब साधारण ५३ हेक्टोपास्कल होतो. जुलैत आपल्या किनाऱ्यावर २८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असली की बाहेरचा दाब ३४च्या घरात असतो. म्हणजे फरक १९. हेच जॅकेट ८ अंशांच्या डोंगरी पावसात घातले तर बाहेरचा दाब दहाच्या आत आणि फरक चाळीसच्या वर. वाफ ढकलणारा जोर आपल्याकडे निम्म्याहूनही कमी. त्यात वरचे कापड भिजून गच्च झाले की पाण्याचा थर पडद्यावर बसतो आणि उरलेली वाटही बंद होते. मग माणूस म्हणतो, जॅकेट गळते. बहुतेक वेळा ते गळत नसते, आतला घामच साचलेला असतो. ओळखायचे सोपे आहे: बाह्यांच्या आत, पाठीवर, सगळीकडे सारखा ओलावा असेल तर घाम. खांद्याच्या शिवणीखाली, चेनच्या मागे, मांडीवर पट्टा किंवा ठिपका भिजला असेल तर गळती.

म्हणून माझे सरळ मत असे की मालवणच्या किनाऱ्यावर वापरायच्या जॅकेटला पडद्यासाठी दुप्पट-तिप्पट पैसे मोजू नयेत. वर्षातून दोनदा सह्याद्रीच्या माथ्यावर किंवा हिमालयात जात असाल तर गोष्ट निराळी. आंबोलीला, जिथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि अंगाला गारवा असतो, तिथेही पडद्याचा थोडा उपयोग होतो. खाली किनाऱ्यावर वाफ काढायची ती वाऱ्याने. त्यासाठी कापडापेक्षा कपड्याची ठेवण महत्त्वाची.

ही ठेवण आपल्या लोकांना कधीपासून ठाऊक होती. इरले आठवून पाहा. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पानांचा थर, अलीकडे मधे प्लास्टिकचा कागद. डोक्यावरून पाठीवर कमरेपर्यंत उतरलेले आणि पुढून उघडे. लावणी करणारी बाई कमरेत वाकलेली असते, तिच्या पाठीला आकाश दिसते आणि पोटाला चिखल. इरले नेमकी पाठ झाकते. हात मोकळे राहतात आणि पोटाकडून वारा आत खेळतो, त्यामुळे घामाने जीव घाबरत नाही. अडचण एवढीच की वाऱ्यात ते उडते आणि झाडीत अडकते. पण कामाला कोणती बाजू झाकायला हवी याचा विचार इरल्यात आहे, तो महागड्या जॅकेटातही क्वचित दिसतो. दुकानातल्या आरशापुढे आपण ताठ उभे राहून रेनकोट बघतो. तसे करू नका. घाला, चेन लावा आणि जमिनीवरून काहीतरी उचलत असल्यासारखे वाका. टोपी डोळ्यांवर घसरते का? पाठीमागून जॅकेट वर सरकून पँटीचा पट्टा उघडा पडतो का? मग दोन्ही हात डोक्यावर न्या, पाग फेकताना जातात तसे. बाह्या कोपरापर्यंत वर आल्या तर ते जॅकेट तुमचे नाही. एक माप मोठे मागा.

हात वर करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. बॅटरी उंच धरली, पाग फेकला किंवा दोर ओढला की मनगटावरचे पाणी बाहीतून थेट बगलेपर्यंत वाहते. मनगटाला नुसते इलॅस्टिक असेल तर दोन मोसमांत ते सैल पडते. पट्टी आवळून बंद होणारे मनगट हवे, आणि आतून दुसरी घट्ट बाही असली तर फारच उत्तम. वारा खेळण्यासाठी काखेत चेन देतात. चालणाऱ्याला ती वरदान. पाग फेकणाऱ्याला मात्र हात वर गेला की तीच मोरी. त्याने पाठीवर झडपेखाली जाळी असलेले जॅकेट घ्यावे. आपल्या जुन्या जाड रेनकोटांच्या पाठीला अशी झडप असायची, आणि ती शोभेसाठी नव्हती.

टोपीची पारख पटकन होते. डोके डावीकडे वळवा. टोपी डोक्याबरोबर वळली तर ठीक, तुम्ही टोपीच्या आत बघत राहिलात तर नाही. पुढे कडक झाप हवी, नाहीतर चष्मेवाल्याचे हाल. मागे आवळायची दोरी हवी. आणि कानावर जाड कापड येऊन बाहेरचे ऐकू येईनासे होत असेल तर रात्री व्हाळात ती टोपी घालू नका. वरून पाण्याचा लोंढा येतो तेव्हा आधी त्याचा आवाज येतो.

आता शिवणीकडे या. खरी परीक्षा इथेच आहे. कापड कितीही भारी असो, सुईचे प्रत्येक भोक ही गळतीची जागा. जॅकेट उलटे करा. प्रत्येक शिवणीवर आतून बोटभर रुंदीची चकचकीत पट्टी उष्णतेने चिकटवलेली दिसली पाहिजे. काही ठिकाणी फक्त खांद्याला आणि टोपीला पट्टी देऊन बाकी शिवण तशीच सोडतात, आणि लेबलावर तेही ‘सीम टेप्ड’ म्हणूनच खपते. काख, बाहीचा सांधा आणि पँटीचा मधला सांधा या तीन जागा मुद्दाम बघा. पट्टीचे टोक नखाने हलकेच उचलून पाहा. नव्या मालातच सुटत असेल तर श्रावण लागेपर्यंत ती लोंबेल. जाळीचे अस्तर लावलेले असले की शिवणी दिसत नाहीत. त्यात अस्तर एकदा भिजले की आपल्या हवेत दोन-दोन दिवस वाळत नाही. सलग पावसात रोज वापरायचा असेल तर बिनअस्तराचा घ्या आणि आत पूर्ण बाह्यांचा पातळ, लवकर वाळणारा शर्ट घाला. उघड्या हाताला प्लास्टिक चिकटत नाही, एवढेच अस्तराचे काम, ते शर्ट करतो.

कापडात मुख्य निवड दोनच: पीव्हीसी किंवा पीयूचा (पॉलियुरेथेनचा) लेप दिलेले नायलॉन-पॉलिएस्टर. पीव्हीसी जड, घामट, जरा कडक. पण आतून कापडाचा आधार असलेले जाड पीव्हीसी खारे पाणी, करवंदीचे काटे, माशाचे खवले, सगळे सोसते. त्याच्या शिवणी उष्णतेने जोडलेल्या असतील तर सुईचे भोकच नाही. होडीवर किंवा रापणीला उभे राहणाऱ्याने दुसरे काही बघू नये. पीयूचे हलके, घडी करून सॅकमध्ये मावणारे, चालणाऱ्याच्या सोयीचे. त्याचा शत्रू पाऊस नव्हे, दमट उकाडा. हवेतली वाफच हळूहळू या लेपाचे बंध तोडते. मोसम संपल्यावर कपाटात कोंबलेला रेनकोट पुढच्या मे महिन्यात बाहेर काढावा तर आतला थर चिकट झालेला आणि पांढरे पापुद्रे सुटलेले. याला दुरुस्ती नाही. चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३मध्ये दोन कापडांमध्ये रबर भरून पहिल्या यशस्वी रेनकोटांपैकी एक बनवला, तोही उन्हाळ्यात असाच चिकट व्हायचा. दोनशे वर्षांत कापड बदलले, उकाड्याशी झगडा तोच राहिला. जाडीचा आकडा डेनिअरमध्ये देतात. २० ते ४० डेनिअरचे जॅकेट रस्त्याला ठीक, रानात किमान ७० हवे, आणि जिथे करवंदी-घाणेरीच्या जाळ्यांतून वाट काढायची तिथे १५०च्या खाली जाऊ नये.

परदेशी शिकारी जॅकेटांची एक जात आता इथेही ऑनलाइन मिळते. वरचे कापड मऊ, लव असलेले, चालताना खसखस होऊ नये म्हणून. पक्षी बघणाऱ्यांना त्याचा मोह पडतो आणि तो समजण्यासारखा आहे, कारण पीव्हीसीच्या चुरचुरीने नवरंग उडून जातो. पण ती लव पाणी पिते, जॅकेट जड होते आणि मुक्कामाच्या खोलीत सकाळपर्यंत वाळत नाही. त्यापेक्षा मऊ विणीच्या पॉलिएस्टरचे, मळकट हिरव्या रंगाचे साधे जॅकेट बरे. एका जागी बसून राहायचे असेल तर ढगळ पोंचो त्याहून बरा: अंग, सॅक आणि कॅमेरा एकत्र झाकले जातात आणि खालून वारा लागतो.

होडीवर मात्र मळकट रंग नको. खवळलेल्या समुद्रात करडा, निळा, हिरवा माणूस दिसत नाही. नारिंगी किंवा पिवळाच घ्या. लाइफ जॅकेट नेहमी रेनकोटाच्या वरून घालायचे, आत नाही. आणि घोट्यापर्यंतचा लांब कोट होडीत घालू नये. पाण्यात पडल्यावर तो पायांत गुंडाळतो. कमरेखालपर्यंतचे जॅकेट आणि खांद्याला पट्टे असलेली छातीपर्यंतची पँट ही जोडी सोयीची. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते तेव्हा बहुतेक होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. गळणारे रेनकोट तपासून दुरुस्त करून घ्यायला हाच काळ चांगला, कारण ऑगस्टमध्ये समुद्र उघडतो पण पाऊस थांबत नाही.

चेन प्लास्टिकच्या जाड दातांची हवी. धातूची चेन खाऱ्या हवेत गंजून एका मोसमात अडकते. चेनवर एकावर एक दोन झडपा आणि त्यांना पितळी किंवा प्लास्टिकची टिचबटणे हवीत. वेल्क्रोत वाळू आणि कुसळे भरली की ते धरत नाही, तेव्हा फक्त वेल्क्रोवर मिटणारी झडप घेऊ नका. खिशाला खालून पाणी निघायला भोक हवे. मोबाइल खिशात सुरक्षित राहील असे कोणीही सांगितले तरी प्लास्टिकची पिशवी वेगळी ठेवा.

घरी आणल्यावर बिल आणि लेबल जपून ठेवा आणि पहिल्याच दिवशी न्हाणीघरात परीक्षा घ्या. आत फिकट रंगाचा सुती शर्ट घाला, शॉवर किंवा बादली-तांब्याने दहा मिनिटे खांद्यावर, चेनवर, काखेत पाणी ओता. सुती शर्टावर ओला डाग लगेच उठून दिसतो. गळती निघाली तर बदलून मागता येईल. पहिल्या पावसात मळवून आणलेला रेनकोट कोणी परत घेत नाही. आणि मापात बसत नाही म्हणून शिंप्याकडे अजिबात नेऊ नका, त्याची सुई म्हणजे नवी भोके.

जॅकेटाने पाय झाकले जात नाहीत, त्यामुळे त्याच खरेदीत गमबूट धरा. रात्री बांधावर फुरसे असते, आणि साचलेल्या पाण्यातून पायाच्या चिरांवाटे लेप्टोचे जंतू शिरतात. पँटीचा पाय बुटाच्या बाहेरून सोडायचा, आत खोचला तर बूट भरतो.

जपणुकीत लोक हात आखडता घेतात आणि मग कंपनीला शिव्या देतात. समुद्रावरून आल्यावर रेनकोट गोड्या पाण्याने धुवा. मिठाचे कण कापडावर राहिले तर ते हवेतला ओलावा ओढत राहतात आणि घडीच्या जागी लेप घासतात. पडवीत वारा लागेल अशा जागी, खिळ्याला नव्हे तर जाड हँगरला टांगा. खिळा नेमका मानेमागची शिवण ताणतो. चुलीजवळ तर नकोच, एक ठिणगी पुरे. मळ निघायला अंगाचा सौम्य साबण आणि मऊ फडके. कपड्याची पावडर आणि सुगंधी कंडिशनर यांचा अंश राहिला की थेंब घरंगळायचे बंद होतात आणि कापड पाणी शोषू लागते. मोसम संपला की दोन दिवस सावलीत पूर्ण वाळवून, घडी न घालता, सैल गुंडाळून हवेशीर ठिकाणी ठेवा. ओला रेनकोट पिशवीत बांधून माळ्यावर टाकला तर मे महिन्यात बुरशीच हाती लागते. सुटलेली शिवणपट्टी, लहान चीर यांना बाजारात चिकटपट्ट्या आणि सीलर मिळतात. कापड आधी स्पिरिटने पुसून कोरडे करा, चीर आतून चिकटवा आणि पट्टीची टोके गोल कापा. टोकदार कोपरा आधी सुटतो.

ऑक्टोबरमधल्या सेलचा फायदा जरूर घ्या, पण मागच्या वर्षीचा पडून राहिलेला माल असेल तर आतल्या लेपावर अंगठा घासून पाहा. चिकट लागला किंवा पांढरी भुकटी हाताला आली तर फुकट दिला तरी घेऊ नका.

आणि जुना पीव्हीसीचा रेनकोट अगदीच कामातून गेला तर न्हाणीच्या चुलीत घालू नये, त्याचा धूर विषारी असतो. पाठीचा धड राहिलेला भाग पुढच्या ठिगळांसाठी कापून ठेवा, उरलेला खोपीतल्या लाकडांवर पसरा.